सावरफाट्याचा राखून ठेवलेला निकाल

दाजी,

तुम्ही गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. घरात, सोसायटीत, बँकेत, सगळे माझं म्हणणं ऐकून घेतात आणि मान डोलावतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, तरी आपलं बोलणं इतकं बिनविरोध मान्य होण्याची मला सवय नाही. परवा भाजीवाल्याला मी म्हटलं, गवार जून दिसते. तो लगेच म्हणाला, हो सर, जूनच आहे. मला एकदम तुमची आठवण आली. तुम्ही शेजारी असतात तर जून गवारीची बाजू घेऊन उभे राहिला असतात, आणि मी घरी जून गवारच घेऊन आलो असतो.

तुमच्या नोकरीबद्दल, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या तुमच्या कामाबद्दल, तुम्ही लावलेल्या झाडांबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते सगळं शोकसभेत बोलून झालं. एकाने तर तुम्हाला मितभाषी म्हटलं. मी आणि तुमचे धाकटे भाऊ रामदास, आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळलं. नाहीतर शोकसभेत हसलो असतो.

मला लिहायचं आहे ते ‘सावरफाटा’ या कादंबरीबद्दल आणि अक्काबद्दल. ती माझी थोरली बहीण, तुमची बायको, आणि आपल्या खटल्याची न्यायमूर्ती.

तुमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. मी नुकता कॉलेजात जाऊ लागलो होतो आणि जाड पुस्तक काखेत घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हतो. एकलहऱ्याच्या कॉलनीत तुमच्या क्वार्टरवर पहिल्यांदा राहायला आलो, तेव्हाही तसंच एक पुस्तक बरोबर होतं. मेहुण्याची थट्टा करण्याचा तुमचा हक्क तुम्ही लगेच बजावलात. माझं पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलंत आणि म्हणालात, झोपेला बरं आहे, उशाशी ठेवा. मग कॉलनीच्या वाचनालयातून आणलेली, कोपरे दुमडलेली, चहाचे डाग पडलेली ‘सावरफाटा’ माझ्यापुढे टाकलीत. मी नाक मुरडलं. प्रेमकथा, तीही वाचनालयात नंबर लावून वाचली जाणारी. अशी पुस्तकं मी वाचत नाही, असं मी जरा जोरातच म्हणालो. तुम्ही पुस्तक तिथेच ठेवलंत. ड्युटीवर निघून गेलात आणि संध्याकाळी परत आलात, तेव्हा मी ओट्यावर बसून तिचं शेवटचं पान दुसऱ्यांदा वाचत होतो.

“काय मास्तर,” तुम्ही सायकल लावता लावता विचारलंत, “उतरली का?”

मी तेव्हा मास्तर झालोही नव्हतो. ती नेमणूक तुम्हीच केलीत.

ज्यांनी ती कादंबरी वाचली नाही, त्यांच्यासाठी एवढं सांगतो. वृंदा नावाची नर्स सावरफाट्याजवळच्या गावात बदलून येते. तिथला द्राक्ष बागाईतदार मकरंद तिच्या प्रेमात पडतो. तिचंही मन असतं. पण बोलायची वेळ येते तेव्हा मकरंद गप्प बसतो, आईच्या धाकाने किंवा स्वतःच्या स्वभावाने, आणि वृंदा बदली मागून निघून जाते. बरीच वर्षं जातात. मग तिला कळतं की त्याने लग्न केलेलं नाही. तो निरोप पाठवतो, तुझी एसटी फाट्यावरून जाईल त्या दिवशी मी तिथे उभा असेन. शेवटच्या प्रकरणात एसटी फाट्यावर थांबते. लाल फुलांनी भरलेल्या सावरीच्या झाडाखाली तो उभा असतो. वृंदा खिडकीतून त्याला बघते, तो तिला बघतो. कंडक्टर विचारतो, कोणी उतरणार आहे का? ती काहीच बोलत नाही. घंटी वाजते, एसटी निघते. संपली कादंबरी.

माझं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. तिने उतरायला हवं होतं. हो म्हणायला नको, पण उन्हात उभ्या असलेल्या माणसाला निदान नाही म्हणायला तरी उतरायचं. तुमचं म्हणणं, नाही उतरली तेच बरोबर. तो एवढी वर्षं गप्प बसला, आता एकदा ती गप्प बसली. फिट्टंफाट. आणि वर तुम्ही एक वाक्य टाकायचात, ज्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. “ती उतरली असती तर तुम्ही पुस्तक मिटून, भाकरी खाऊन झोपला असता. नाही उतरली, म्हणून अजून माझ्याकडं येता.”

खरंच येत राहिलो. तुम्ही निवृत्त होऊन नाशिकरोडला जेलरोडच्या घरात आलात, माझ्या डोक्यावरचे केस गेले, तरी दर रविवारी शहर बसने येत राहिलो. वाद सुरू करायला काहीही पुरायचं. वर्तमानपत्रातली बातमी, शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न, एसटीचा संप. कुठूनही निघालो तरी चहा संपेपर्यंत आपण सावरफाट्याला पोचलेले असायचो.

कॉलनीतल्या प्रत्येकाचं त्या पुस्तकाबद्दल वेगळं मत होतं, आणि ती सगळी गोळा करायचा तुम्हाला नाद होता. वाचनालयाच्या बाईंना मकरंदच्या आईचा राग. तुमच्या एका सहकाऱ्याला कंडक्टर हाच एकमेव समजूतदार माणूस वाटे. पण सगळ्यांत कडक समीक्षक तुमच्याच घरात होता. पिंपळगाव बसवंतला द्राक्षबाग सांभाळणारे रामदासभाऊ. त्यांनी पुस्तक वाचलं आणि दोनच हरकती घेतल्या. पहिली, मकरंद वृंदाला श्रावणात बागेत नेतो आणि पिकलेला घड तोडून देतो. श्रावणात पिकलेले घड कुठल्या बागेत असतात? दुसरी, सावर फुलते फाल्गुनात, म्हणजे ऐन तोडणीचे दिवस. माल तयार, टेम्पो दारात, मजूर हजर, आणि हा गडी सकाळपासून फाट्यावर उभा? “याची बाग कोण बघतंय?” असं त्यांनी इतक्या काळजीने विचारलं होतं, की मकरंद त्यांना सख्खा शेजारी वाटत असावा. वृंदा उतरली नाही याबद्दल त्यांचं म्हणणं होतं की शहाणी बाई आहे, असल्या बागाईतदाराच्या घरी पडली नाही.

आणि मग तो गणेशोत्सव. दरवर्षीचं गाण्यांचं प्रकरण बाजूला ठेवून तुम्ही कॉलनीत अभिरूप न्यायालय भरवलंत. आरोपी वृंदा, आरोप निष्ठुरपणाचा. तुम्ही तिचे वकील. अंगात काळा रेनकोट, सप्टेंबरच्या उकाड्यात. मी फिर्यादीचा वकील, मला कुणीतरी अकाउंट खात्यातल्या साहेबांचा काळा कोट दिला होता, त्याच्या बाह्या माझ्या बोटांच्या पुढे जात होत्या. रामदासभाऊ द्राक्षांचे तज्ज्ञ साक्षीदार. अडचण एकच होती. न्यायाधीश मिळेना. ज्याने पुस्तक वाचलं होतं त्याची बाजू ठरलेली होती. शेवटी तुम्ही मंडपात बसलेल्या बायकांकडे बोट दाखवलंत. कॉलनीत हे पुस्तक न वाचलेली एकच व्यक्ती आहे, माझी बायको, तेव्हा निःपक्षपाती तीच.

अक्का आढेवेढे घेत खुर्चीवर बसली आणि मग तिने ती खुर्ची सोडली नाही. तुम्हाला दोनदा आवाज खाली आणायला सांगितलं. मला पाणी पाजलं. रामदासभाऊंना विचारलं, तुम्ही भावाची साक्ष देता की द्राक्षांची? मंडप हसून लोटपोट झाला. दोन्ही वकिलांची भाषणं संपली आणि निकाल द्यायची वेळ आली, तेवढ्यात आरतीची घंटा वाजली. अक्का उठली, पदर सावरला आणि म्हणाली, निकाल राखून ठेवला आहे, पुस्तक कळल्यावर देईन.

तो निकाल राहिलाच. नंतर आपण दोघांनी किती विनवण्या केल्या. तिने पुस्तक हातात घेतलं नाही. खटला चालू असताना न्यायाधीशाने बाहेर काही वाचायचं नसतं, हे तुम्हीच कधीतरी थट्टेत म्हणालात आणि तिने ते मनावर घेतलं. आपण ओट्यावर भांडायचो, ती आतून चहा आणून ठेवायची आणि वकीलसाहेब म्हणून कप हातात द्यायची. कुणाची सरशी होते आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

आपली शेवटची भेटही रविवारचीच. निघताना मी चपला घालत होतो आणि तुम्ही दारात उभे होतात. पुढच्या रविवारी या, म्हणालात, माझ्याकडे नवा मुद्दा आहे. मी म्हटलं, इतक्या वर्षांत नवीन काय सापडलं? तुम्ही नुसते हसलात. शुक्रवारी दुपारचं जेवून तुम्ही आडवे झालात आणि चहाला उठला नाहीत. नवा मुद्दा तुमच्याबरोबर गेला. मला तुमच्या जाण्याचं जेवढं दुःख झालं, दाजी, तेवढाच थोडा रागही आला. असं अर्ध्यावर सोडून जाणं वकिलीत बसत नाही.

दहाव्याला आपण सगळे गंगेवर, गोदेच्या काठी होतो. आपण म्हणजे आम्ही. अजून असंच लिहून जातं. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. समोरच्या भिंतीवर चार कावळे बसलेले, एकही खाली उतरेना. सगळे एकेक वचन देऊ लागले. झाडांना पाणी घालू, नातवाचं शिक्षण बघू. मी मागे उभा होतो. मी मनातल्या मनात म्हटलं, दाजी, तुमचं बरोबर होतं, वृंदाने उतरायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हार मानली. कावळ्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग रामदासभाऊ पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, दादा, वहिनीला आम्ही गप्प बसू देणार नाही. एक कावळा उतरला आणि शिवला.

कारण अक्का गप्प झाली होती. रडणं आम्हाला समजलं असतं. ती रडतही नव्हती. विचारलं तर हो, नाही, ठेव तिथे, एवढंच. जेवण पुढे ठेवलं की जेवायची, उठवलं की उठायची. मुलगा सुट्टी वाढवून राहिला होता, तो पुण्याला चल म्हणाला. तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही. मला त्या घराची भीती वाटू लागली. ज्या ओट्यावर आपला आवाज चार घरं पलीकडे जायचा, तिथे घड्याळ ऐकू येत होतं. आणि तिला बोलतं कसं करायचं, हे मला येत नव्हतं. आपल्या घरात बोलायचं काम तुमचं होतं. मी फक्त विरोध करायचो.

तरी रविवारी जात राहिलो. एका रविवारी मी गेलो तर ‘सावरफाटा’ ओट्यावरच्या तुमच्या खुर्चीत होती. तुम्ही वाचनालय बंद पडताना विकत घेऊन ठेवलेली तीच चहाच्या डागांची प्रत. अक्का पायरीवर बसली होती.

“वाच,” ती म्हणाली. “त्यांची बाजू ऐकून झाली. तुझी राहिलीय.”

मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. गेल्या पावसाळ्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती अंथरुणाला खिळली, तेव्हा तुम्ही रोज दुपारी तिच्या उशाशी बसून सगळी गोष्ट तिला सांगितलीत. वाचून नाही, तोंडाने, हातवारे करून, एसटीच्या आवाजासकट. मला तुम्ही याचा पत्ता लागू दिला नाहीत. दर रविवारी तिच्यासमोर माझ्याशी पहिल्यासारखंच भांडत राहिलात.

तर मी वाचायला सुरुवात केली. दर रविवारी थोडं. दुसऱ्या रविवारी रामदासभाऊ आले, करंडीभर द्राक्षं घेऊन. माघ सरत आला होता, त्यांच्या बागेत तोडणी चालू होती. मी म्हटलं, भाऊ, बाग कोण बघतंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं पान उलटलं. मग ते प्रत्येक रविवारी आले.

अक्का हळूहळू बोलू लागली. आधी पुस्तकातल्या माणसांशी. मकरंद गप्प बसला त्या पानावर ती म्हणाली, मेल्या, बोल की. श्रावणातल्या द्राक्षांपाशी तिने रामदासभाऊंकडे बघून नुसती मान हलवली आणि त्यांना धन्य वाटलं. वृंदाने बदली मागितली तेव्हा तिने चष्मा काढून पुसला. तिला वाचून दाखवताना मला एक गोष्ट उमगली, जी तुमच्याशी भांडताना इतक्या वर्षांत उमगली नव्हती. मी ही कादंबरी अशी हळू कधी वाचलीच नव्हती. मुद्दे शोधत वाचत होतो.

शेवटचं प्रकरण आलं. एसटी फाट्यावर थांबली. सावर, खिडकी, कंडक्टर. घंटी वाजली, एसटी निघाली. मी पुस्तक मिटलं.

“पुढे वाच ना,” अक्का म्हणाली.

मी म्हटलं, संपलं.

“असं कसं संपलं? ती पुढच्या थांब्यावर उतरते ना?”

मी आणि रामदासभाऊ एकमेकांकडे बघत राहिलो. आणि मग तिच्याकडून, तुमच्या शब्दांत, मी तो शेवट ऐकला. वृंदा फाट्यावर उतरत नाही. एसटी पुढे जाते. ती मागे वळून बघत नाही, पण सावर लहान होत जाते हे तिला न बघता कळतं. मग पुढच्या थांब्यावर ती कंडक्टरला म्हणते, थांबवा, उतरायचंय. पिशवी खांद्याला लावते आणि आल्या रस्त्याने चालायला लागते.

मला सुचेना काय करावं. पुस्तकात पुढचा थांबा नाही, हे तिला सांगायचं म्हणजे तुम्ही दिलेलं तिच्या हातून काढून घ्यायचं. नाही सांगायचं म्हणजे न्यायाधीशापुढे खोटी साक्ष. मी पुस्तक पुन्हा उघडलं, नुसतंच पान धरून बसलो. अक्काने माझ्या हातातून ते घेतलं, चष्मा वर केला आणि शेवटचा परिच्छेद स्वतः वाचला. पान उलटलं. मागे कोरं होतं. तिने ते कोरं पानही नीट बघितलं.

आणि ती हसली, दाजी. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच.

“म्हणजे हे कोर्टात एक सांगायचे,” ती म्हणाली, “आणि घरी येऊन तुलाच फितूर व्हायचे.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गंगेवर कावळा माझ्या शरणागतीला का शिवला नाही. मी तुमच्या बाजूला आलो, तेव्हा तिथे कोणीच नव्हतं. ती बाजू तुम्ही पावसाळ्यातच सोडली होतीत, एका आजारी बाईच्या उशाशी बसून, तिला झोप लागावी म्हणून. अर्धीच सोडलीत, हेही खरं. फाट्यावर उतरू दिलं नाहीत ते नाहीच. तुमचा तो नवा मुद्दा हाच होता का, मला कळणार नाही. असावा, असं मी ठरवलं आहे. तुम्ही विरोध करायला नाही, म्हणून ते मान्य झालं आहे.

मग अक्काने निकाल दिला. पायरीवरून उठून ती तुमच्या खुर्चीत बसली, पदर सावरला. वृंदा फाट्यावर उतरली नाही, हे बरोबर. पुस्तक तिथे संपवलं, हे चूक. एका वकिलाने पुराव्यात फेरफार केला, पण तो फेरफार कोर्टाला पसंत आहे. दुसऱ्या वकिलाने आत जाऊन चहा ठेवावा. आजपर्यंत कोर्टानेच ठेवला.

मी चहा ठेवायला उठलो. रामदासभाऊ मात्र द्राक्षाचा घड हातात धरून विचारात पडले होते. त्यांची जुनी सवय तुम्हाला माहीत आहे, गोष्टीतल्या माणसाची खरी काळजी करायची.

“वहिनी,” ते म्हणाले, “तिकडं थांबे लय लांब-लांब असतात. उन्हाचं, एवढं चालंल का ती?”

अक्काने त्यांच्या हातातल्या घडाचा एक मणी तोडला.

“चालेल की. हळूहळू येईल. तो कुठे जातोय? उभाच आहे.”

मी स्वयंपाकघरात होतो. दूध उतू गेलं, तरी मला गॅस बारीक करायचं सुचलं नाही.

तेव्हा दाजी, तुम्ही तिथेच उभे राहा. सावलीत राहा, डोक्याला काहीतरी बांधा. अक्का पुण्याला गेलेली नाही. तिने मुलाला सांगितलं, रविवारी मला कोर्ट असतं. तिला यायला बराच वेळ लागेल असं दिसतंय, कारण तिने माझ्याकडे दुसरं पुस्तक मागितलं आहे, आणि मी मुद्दाम चांगलं जाडं आणलं आहे. पहिल्या वेळेस तुम्ही वजन केलं होतंत, ते.